शिडीची थरथर

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. भिंतीला टेकवायची नव्हे, तर चार चाकांची, विमानाच्या दाराशी ढकलत न्यायची लोखंडी शिडी. हैदराबादच्या एका छोट्या, जुन्या विमानतळावर माझा सारा जन्म गेला.

इथल्याच एका कारखान्यात मला जोडलं. तेव्हा इथे एक धावपट्टी होती, एक पत्र्याचं छत आणि निरोप द्यायला आलेल्यांसाठी तारेचं कुंपण. आधी पंख्यांची विमानं आली, मग मोठी. आखातात कामाला निघालेली पोरं माझ्या वरच्या पायरीवरून वळून कुंपणाकडे बघत राहायची. मागचा माणूस ओरडायचा, "चलो भाई, जल्दी!" मला मात्र त्यांना चढवायची घाई कधीच नव्हती.

पुढे शहराबाहेर मोठा विमानतळ झाला. विमानं तिकडे गेली. मला कुणी नेलं नाही. मग इथे एक निवृत्त विमान लोकांना बघायला ठेवलं आणि मला त्याच्या दाराशी लावलं. शाळांच्या सहली येऊ लागल्या. मला वर्षानुवर्षं विमानांपर्यंत ढकलत नेणारे माझे जुने सोबती किशोरकाका प्रत्येक सहलीपुढे माझ्या कठड्यावर थाप मारून सांगत, "हिला काय होतंय? पक्कं लोखंड आहे!"

खरं सांगू? या कौतुकानंच माझा घात केला. एवढं पक्कं लोखंड, मग वाकून कोण बघणार? मागच्या चाकांचा ब्रेक झिजला होता. मला हलू न देणारा एक टेकू जमिनीला टेकतच नव्हता. फार थकले होते हो मी! सांगणार तरी कसं?

गेल्या हिवाळ्यात कुकटपल्लीच्या मराठी मंडळाची चाळीस मुलं आली. सोबत निशिगंधाबाई होत्या, गौलीगुड्याच्या देवळात कीर्तनासाठी आलेल्या. मुलांनी हट्टानं त्यांनाच पुढे केलं. बाईंनी पायथ्याशी चपला काढल्या.

"माई, चपला नक्को काढा," किशोरकाका हसले. "हे काय देऊळ आहे? लोखंड गार पडलंय."

"असू दे. पायरी ती पायरी."

पाचव्या पायरीवर त्या थबकल्या. "अहो, ही थरथरतेय."

"तुमचेच पाय थरथरत असतील, माई. वय झालं."

"चाळीस वर्षं उभी राहून कीर्तन करतेय मी. माझे पाय मला कळतात. पोरांना चढवू नका!"

एका मुलीनं पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलंच होतं. सहलींचं काम बघणाऱ्या रेणुकाताईंनी तिला मागे ओढलं आणि गुडघ्यांवर बसून खाली पाहिलं.

"काका, इकडे या. टेकूखालून माझा अख्खा हात जातोय."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्या मागच्या बाजूला पाठ लावली, पाय रोवले. "उतरा, माई. मी धरलंय."

इतक्या वर्षांत बुटांची हजारो पावलं माझ्यावरून गेली. माझा शीण कळला तो त्या अनवाणी पावलांना. एकेका पायरीवर जपून टेकत ती खाली उतरली.

मुलं हिरमुसली. मग बाईंनी विमानाच्या पंखाखाली उभं राहून विठ्ठलनाम धरलं. चाळीस जोड्या हातांनी टाळ्यांचा ताल दिला. काका मात्र कितीतरी वेळ माझ्याजवळच बसून होते. "चुकलं गं माझं," एवढंच म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याही घरात न कुरकुरता राबणारं कुणी असेल. माणूस असेल, नाहीतर एखादं यंत्र. शाबासकी नंतर द्या, आधी त्याला काय दुखतंय ते बघा.

माझी चाकं आता काढून ठेवली आहेत. मला दुरुस्त करणार की मोडीत काढणार, ठाऊक नाही. पण माझ्या अंगावरून एकही मूल पडलं नाही. पांडुरंगा, एवढं पुष्कळ झालं.