सूनबाईचा दोष

सासरे मुख्य कारकून म्हणून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली होती, पण ऑफिस काही त्यांच्यातून निवृत्त होत नव्हतं. घरात येणाऱ्या प्रत्येक कागदावर ते आवक क्रमांक घालत. लग्नपत्रिकेवर घालत, वीज बंद राहणार असल्याच्या सूचनेवर घालत. तीन आठवड्यांपूर्वी बाहेरच्या प्रयोगशाळेतून टपालाने आलेल्या सुनेच्या रक्ताच्या रिपोर्टवरही त्यांनी तो घातला आणि रिपोर्ट फाईलला लावला.

प्रकरण नातीचं होतं. चिंगी नऊ महिन्यांची झाली तरी तिचं वजन चार महिन्यांच्या बाळाएवढं. खोकला हटत नव्हता, आणि पापा घेतला की ओठांना मीठ लागायचं. ‘आमच्या घराण्यात सगळे शेलाटेच,’ असं सासऱ्यांनी निदान करून टाकलं होतं. डॉक्टरांचं त्यावर समाधान झालं नाही. त्यांना सिस्टिक फायब्रोसिसचा, म्हणजे फुप्फुसं आणि पचन बिघडवणाऱ्या जन्मजात आजाराचा, संशय होता. चिंगीच्या घामातलं मीठ मोजलं, तर आकडा ना धड इकडचा ना तिकडचा. मग जनुकं तपासली, तेव्हा एकाच जनुकात दोन बिघाड सापडले.

इस्पितळातल्या समुपदेशक बाईंनी कागदावर दोन रेघा ओढून समजावलं होतं. या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्ही बिघाड एकाच प्रतीत असले, तर दुसरी धड प्रत काम भागवून नेते. एकेका प्रतीत एकेक असला, तर आजार. तेव्हा आईबापांनी रक्त द्यावं, म्हणजे कुठला बिघाड कुणाकडून आला ते कळेल आणि उपचारांचं ठरवता येईल.

एवढ्या सगळ्यातला ‘कुणाकडून’ हा एकच शब्द सासऱ्यांनी घरी आणला.

सुनेने दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं. नवऱ्याने दिलं नाही. तो वडिलांच्याच ऑफिसात, वडिलांच्याच जुन्या खुर्चीपासून तीन टेबलं सोडून चिकटवला गेला होता, आणि स्वतःचं मत बाळगल्याची त्याच्या नावावर कुठेही नोंद नव्हती. “आरोपपत्र हातात पडेपर्यंत खुलासा द्यायचा नाही,” हा वडिलांचा आयुष्यभराचा सिद्धांत. “नमुना नाही, तर पुरावा नाही. चौतीस वर्षांत एकही चौकशी मला चिकटली नाही.” हे ते अभिमानाने सांगत, आणि ऐकणाऱ्याच्या मनात मात्र चौकशा किती झाल्या असतील हाच प्रश्न येई.

आणि सुनेचा रिपोर्ट आला. एक बिघाड: आहे. दुसरा: नाही. सासऱ्यांनी पहिल्या ओळीखाली लाल पेन्सिल ओढली आणि दुसरी ओळ वाचायचे कष्ट घेतले नाहीत. संध्याकाळपर्यंत सगळ्या भाऊबंदांना फोन गेले. नणंद तर समक्ष आली.

“वहिनी, मनाला लावून घेऊ नका हं. माहेरचंच आहे, त्याला तुम्ही तरी काय करणार?”

“बाबा, तो कागद इस्पितळात द्यायला हवा,” सून म्हणाली.

“घाई कसली, सूनबाई? योग्य वेळी सादर करू.”

योग्य वेळ तीन आठवड्यांनी आली. बापाचा नमुना कधी देता, असं विचारायला इस्पितळातून फोन आला, आणि सासरे प्रकरण कायमचं निकालात काढायला स्वतः निघाले. एका काखेत फाईल, मागे मुलगा, त्याच्या मागे चिंगीला कडेवर घेऊन सून.

“दोष सापडला आहे,” त्यांनी कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. “आता आमच्या मुलाच्या रक्ताचं प्रयोजन उरत नाही.”

बाईंनी दोन्ही ओळी वाचल्या. “बरोबर आहे, आजोबा. उरत नाही.”

सासऱ्यांनी मुलाकडे पाहिलं. साहेबाची सही झाल्यावर पाहावं तसं.

सुनेला मात्र त्या ‘बरोबर’मध्ये काहीतरी खटकलं. ती रंगाच्या दुकानात छटा जुळवून द्यायची. दोन डबे ओतून हिरवा झाला आणि आपल्या डब्यात नुसता पिवळा होता, तर निळा कुठल्या डब्यातला हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तीन आठवडे तिने मान खाली घातली होती. त्या नादात एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरली नव्हती, याचा तिला सासऱ्यांपेक्षाही स्वतःचाच राग आला.

“म्हणजे दुसरा यांच्याकडून,” ती म्हणाली.

“हो. एक तुमच्याकडून, एक यांच्याकडून. आजार आहे, असं धरूनच चालायचं.” बाईंनी टपालाची तारीख पाहिली. “हा कागद आला त्याच दिवशी उपचार सुरू झाले असते. अन्न पचायची औषधं, छातीतला कफ सुटायचा व्यायाम. हे तीन आठवडे फुकट गेले.”

“हे सिद्ध झालेलं नाही,” सासरे म्हणाले. “आमच्याकडून नमुना दिलेलाच नाही.”

“बरं बाबा,” सून म्हणाली. “दुसरा बिघाड माझ्याकडून नाही आणि यांच्याकडूनही नाही. मग कुणाकडून आला, तेवढं तुम्हीच सांगा. बाई लिहून घेतील.”

बाईंनी खरंच पेन उचललं. सासऱ्यांनी तोंड उघडलं, आपण काय म्हणायला निघालो आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते फाईलची दोरी बांधू लागले. चौतीस वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ‘आमच्याकडून’ म्हणावं तर खोट घराण्यात, ‘नाही’ म्हणावं तर नात घराण्याबाहेर.

“मी... वरच्या डॉक्टरांना भेटतो,” ते म्हणाले आणि फाईल घेऊन बाहेर गेले. वर गच्ची होती.

शेजारच्या खोलीत व्यायाम शिकवणारी मुलगी आली. तिने हाताची ओंजळ करून छाती आणि पाठ कशी थोपटायची ते दाखवलं. सुनेने एकदा पाहिलं, एकदा करून पाहिलं. चिंगी खोकली, आणि तिच्या घशात महिनाभर अडकलेलं काहीतरी हललं.

“आता बाळाचे बाबा करतील,” मुलगी म्हणाली. “दिवसातून दोनदा करायचंय, एकट्या आईला नाही जमायचं.”

सुनेने चिंगीला नवऱ्याच्या मांडीवर पालथं घातलं. त्याने हात उचलला, तो हवेतच राहिला. तो दाराकडे पाहत होता.

“बाबांना विचारून...”

“अर्ज मागाहून करा,” ती म्हणाली. “हात पोकळ धरा. थोपटा.”

त्याने दाराकडे पाहतच थोपटायला सुरुवात केली. हात चुकीच्या जागी पडत होता. तिने त्याचं मनगट धरलं आणि बोटभर वर सरकवलं.