साखर कुठे थांबवायची

माझ्याकडे एक पर्स आहे आणि घरात एक सोडून सगळ्यांना ती नकली वाटते. नवरा तिच्यात खुशाल ओली छत्री कोंबतो. मुलीने एकदा अर्धं खाल्लेलं सफरचंद त्यात चार दिवस ठेवलं होतं. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं, पण पर्सबद्दल मी चकार शब्द काढत नाही. काढणार कुठल्या तोंडाने? नकली आहे असं मीच सांगितलंय.

पर्स अस्सल आहे. इतकी अस्सल, की तिच्या पट्ट्याला लटकणाऱ्या चामड्याच्या तुकड्यावर माझ्या नावाची दोन अक्षरं कोरलेली आहेत. त्या दोन अक्षरांपायीच सगळं झालं.

मी कोटांच्या कारखान्यात आहे, बावीस वर्षं. आधी मशीनवर होते, आता एका लाइनची सुपरवायझर. टाका चुकला की उसवायला लावते, मग समोर मालकाचा भाचा का असेना. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, पाहुण्यांना सांगायच्या, "हिच्या जिभेला हाड नाही, पण लबाडी म्हणाल तर औषधाला नाही सापडायची." मी आत चहा गाळता गाळता ऐकायची आणि फुशारायची.

आईंनी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काढली. रोज तीनशे ताटं. मीठ कमी, तेल कमी, तिखट नाहीच. त्या स्वतःच म्हणायच्या, "माझ्या हातचं पुन्हा खायला नको म्हणून माणसं लवकर बरी व्हायची." तिथे एक व्हिएतनामी नर्स होती. तिला ते पथ्याचं जेवण जाईना. एक दिवस ती खिशात छोटी बाटली घेऊन थेट स्वयंपाकघरात आली आणि आपल्या वरणावर चार थेंब टाकले. माशांचं आंबवलेलं पाणी ते! आई ओरडल्या, "अगं बाई, उंदीर मेला की काय इथे?" नर्सने चमचा पुढे केला. आईंनी नाक दाबून चाखलं, मग नाक सोडून चाखलं, आणि तिथून दोघींचं जमलं ते जमलंच. आई तिला धाकटी म्हणायच्या, ती आईंना मोठी. चौदा वर्षं. मग धाकटीची आई अंथरुणाला खिळली आणि धाकटी कायमची आपल्या शहरात परत गेली.

पण आमच्या घरातून ती काही गेली नाही. दर रविवारी आई फो करायच्या, धाकटीकडून शिकलेलं शेवयांचं सूप. हाडांचं पाणी सकाळपासून मंद आचेवर, कांदा आणि आलं आधी जाळावर काळं केलेलं, वर चक्रफूल, दालचिनी. दुपारी वाडग्यात तांदळाच्या शेवया, त्यावर ते उकळतं पाणी आणि मूठभर कच्चा पाला. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, आठवडाभर डबा खातो; रविवारी तो वाडगा तोंडाला लावून शेवटचा थेंबही सोडायचा नाही.

आईंना सगळं जमायचं, एक सोडून. मातीच्या भांड्यात शिजवायचा मासा. त्याला आधी साखर जाळावी लागते. कमी जळली तर नुसतं गोड, जास्त जळली तर कडूजहर, आणि मधला तो क्षण डोळ्यांनी पकडायचा. आई दर वेळी चुकायच्या. धाकटी फोनवर सांगायची, "तपकिरी, मोठी, तपकिरी!" आई म्हणायच्या, "अगं पण केवढं तपकिरी?" एकदा दोघींनी फोन चुलीवर धरून पाहिलं, पण पडद्यावर सगळंच पिवळं दिसत होतं.

आणि अशात कारखान्याने मला नवीन मशिनं बघायला पाच दिवस पाठवलं, ते नेमकं धाकटीच्या शहरात. आईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी फोन करून सगळं ठरवलं. माझा शेवटचा दिवस मोकळा होता. मी अकरा वाजता बाजाराच्या फाटकाशी जायचं. धाकटी तिथून मला घरी नेणार, माझ्यासमोर साखर जाळणार, आणि एक भांडं देणार.

"तू फक्त बघून ये," आई म्हणाल्या. "तुझी नजर पक्की आहे. साखर कुठे थांबवायची तेवढं बघून ये."

"आणि त्यांच्यासाठी काय नेऊ?"

"काही नको. तू जातेयस ना? तुला भेटली की मला भेटल्यासारखं होईल तिला."

शेवटच्या दिवशी मी दहालाच निघाले. वाटेत ते दुकान लागलं. मी फक्त शिलाई बघायला आत गेले, देवाशप्पथ. मला खुर्ची दिली. पातळ काचेच्या ग्लासात पाणी दिलं. हातमोजे घातलेल्या मुलीने पर्स अशी आणली जणू तान्हं मूल. मी ती उलटी केली, अस्तर चाचपलं, टाके मोजले. एका इंचात नऊ, पहिल्यापासून शेवटपर्यंत नऊ, आणि दोऱ्याचं टोक कुठे दडवलंय ते बावीस वर्षांच्या हातालाही सापडेना. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाची लेबलं लावली होती. त्या खुर्चीत बसून मला वाटलं, एकदा, फक्त एकदाच, आपल्या नावाचं काहीतरी असावं. नवीन शिलाई मशीनसाठी साठवलेलं सगळं मी तिथे दिलं.

पैसे दिले तेव्हा अकराला दहा कमी होते. पोचले असते मी. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, नावाची अक्षरं कोरून देऊ का? फक्त चाळीस मिनिटं.

घड्याळ समोर होतं. मी बघितलं नाही असं नाही. मी बघितलं आणि मनाशी म्हटलं, धाकटी काय, थांबेल. आपलीच तर आहे.

चाळीस मिनिटांचा झाला दीड तास. मग कापडी पिशवी, मग पातळ कागद, मग खोकं, मग फीत. माझा फोन हॉटेलबाहेर चालत नव्हता. फाटकाशी पोचले तेव्हा एक वाजायला वीस मिनिटं होती, आणि तिथे फळवाली सोडून कोणी नव्हतं. फळवालीने मला नीट न्याहाळलं. मग ओट्याखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक बोजड पुडकं काढून माझ्या हातात दिलं. तिने सूर्याकडे बोट केलं, कपाळ पुसून दाखवलं. माझ्या घड्याळावर अकरापासून साडेबारापर्यंत बोट फिरवलं. मग गालाखाली हात ठेवून डोळे मिटले, म्हणजे घरी आजारी माणूस आहे, जावं लागलं. धाकटीचं घर कुठे ते तिला माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच. संध्याकाळी विमान होतं. पर्सच्या खोक्यात पुडकं बरोबर मावलं. पर्स मी खांद्याला लावली.

विमानात मी ठरवलं होतं, उशीर झाला म्हणून सांगायचं. पण का झाला, हे विचारलं तर? दारात आई उभ्या. मासा आणून ठेवलेला, साखरेचा डबा ओट्यावर काढलेला. माझी पिशवी हातातून घ्यायच्या आधी विचारलं, "भेटली ना गं? कशी आहे?"

"नाही आल्या त्या," मी म्हटलं. "मी वाट बघून बघून परतले."

कुठून आलं ते तोंडात, देव जाणे. आईंचा चेहरा जरा वेळ तसाच राहिला. "असेल काही काम," त्या म्हणाल्या, आणि साखरेचा डबा फळीवर ठेवून दिला. मग माझ्या खांद्याकडे पाहून म्हणाल्या, "पर्स घेतलीस वाटतं?"

"नकली आहे. फुटपाथवरची."

त्यांनी चष्मा लावून पाहिली. "नकलीच्या मानाने शिवलीय छान."

खोकं मी कपाटावर टाकलं, जुन्या उशांच्या मागे.

आठवड्याने धाकटीचा फोन आला. आई म्हणाल्या, "सांग झोपलेय." मी कानाला लावला. "हॅलो, सून?" सून हा शब्द तिला फार आवडायचा. "मोठीला भांडं पोचलं? कागद पाहिला? मी थांबू शकले नाही, आई घरी एकटी. मोठी रागावली?"

मी म्हटलं, "आवाज येत नाहीये," आणि फोन ठेवला. लख्ख येत होता आवाज. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. मग फोन यायचे थांबले.

रविवारचा फोही थांबला. आई म्हणाल्या, गुडघे दुखतात. रविवार मला खायला उठायचा, म्हणून फो मीच करायला घेतला. हाडं, चक्रफूल, सगळं त्यांच्या मापाने. आई जेवायच्या, "छान झालंय" म्हणायच्या आणि दुसरा वाडगा घ्यायच्या नाहीत. माशाच्या पाण्याची बाटली फळीच्या मागे गेली आणि तिच्या तोंडाशी मीठ धरलं. कधी मधेच त्या म्हणायच्या, "मीच काही बोलले असेन का गं तिला? जाताना?" मी म्हणायचे, "सोडा हो आई." असं म्हणायला माझी जीभ कशी वळायची? एक दिवस कपाटावर मुंग्यांची रांग लागलेली दिसली. मी न बघता फवारा मारला आणि खाली उतरले. बघायची छातीच नव्हती.

अशी दोन वर्षं गेली. गेल्या महिन्यात हॉस्पिटलातली जुनी मेट्रन आईंना भेटायला आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "तुमची ती मैत्रीण गेली हो. झोपेतच गेली म्हणे."

मेट्रन गेल्यावर आई खिडकीशी बसून राहिल्या. मी कप उचलत होते.

"गेली," त्या म्हणाल्या. "जाऊ दे. तिला तरी कुठे माझी किंमत होती? चौदा वर्षं एका ताटात जेवलो, आणि माझी सून एवढ्या लांब गेली तर हिला फाटकापर्यंत यायला झालं नाही."

मेलेल्या माणसावर माझ्यासमोर माझं पाप चढत होतं. मी कप खाली ठेवले, स्टूल घेतलं, कपाटावरून खोकं काढलं आणि आईंच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. खुर्ची, पाण्याचा ग्लास, चाळीस मिनिटं, फोन, सगळं. त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्यांनी एवढंच विचारलं, "किती वेळ थांबली होती?"

"दीड तास."

"उन्हात?"

"हो."

मग त्यांनी स्वतः वर्तमानपत्र सोडलं. आत वीतभर रुंद मातीचं भांडं, झाकणासकट. झाकण उघडलं तर आत घडी केलेला एक जाड पांढरा कागद. आईंनी तो मांडीवर उलगडला, आणि मला कळेना हे काय आहे. पेनने काढलेली चार वर्तुळं एका ओळीत. तिसऱ्याखाली बरोबरची खूण, चौथ्याखाली फुली. आणि वर्तुळांच्या आत कागदच नाही. चार भोकं, कडा कुरतडलेल्या.

आईंना लगेच कळलं. एकतीस वर्षं हॉस्पिटलात काढली होती त्यांनी.

"तपासणीची पट्टी असते ना," त्या म्हणाल्या, "रंगाशी रंग लावून बघायची? तशी केलीय तिने. जळती साखर उचलून एकेक थेंब टाकलाय. हा कच्चा, हा थोडा पुढचा, हा बरोबर, हा जळला." त्यांनी तिसऱ्या भोकात बोट घातलं. ते आरपार गेलं. "मुंग्यांनी खाल्लं."

मी रडायला लागले. आईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी कागदाची पुन्हा तशीच घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. भांडं पाण्यात बुडवून ठेवायला सांगितलं, मला बाजारात मासा आणायला धाडलं. मी आले तेव्हा त्यांनी दोन वर्षांनी ओट्याशी उभं राहून चूल पेटवली होती. भांड्यात साखर घातली, चमचाभर पाणी घातलं.

"इथे ये," त्या म्हणाल्या. "माझ्या शेजारी उभी राहा."

मी राहिले. साखर वितळली, पिवळी झाली. कडेने तपकिरी व्हायला लागली.

"बघायला तुला पाठवली होती," आई म्हणाल्या. "सांग, कुठे थांबवू?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्या खरोखर विचारत होत्या, सांडशी हातात धरून, माझ्या तोंडाकडे बघत. मी भांड्यात पाहत राहिले. रंग गडद होत गेला, धूर निघायला लागला, वास बदलला, आणि मला काही सांगता आलं नाही.