भिंतीवरून येणारा आवाज

कसालच्या नाक्यावर निलेशचा डोळा लागला आणि मासळीचा टेम्पो एका बंद टपरीला घासून थांबला, तेव्हापासून त्याच्या बायकोच्या, सुगंधाच्या जिवाला घोर लागला होता. संध्याकाळी मालवणच्या बंदरावर माल भरायचा, कोल्हापूरला उतरवायचा, सकाळी नऊला घरी येऊन पेज जेवून आडवं व्हायचं, हा निलेशचा दिनक्रम. दुपारी तीनपर्यंत मिळेल तेवढीच झोप. आणि तीही मिळत नव्हती, कारण साडेनऊ वाजले की शेजारी अनुजाचा टीव्ही सुरू व्हायचा.

शेजारी म्हणजे एकाच घरात. पाच वर्षांपूर्वी दोघा भावांनी न भांडता घर वाटून घेतलं आणि मधोमध चिऱ्याची भिंत घातली. पलीकडे थोरला गुरुप्रसाद आणि त्याची बायको अनुजा. गुरुप्रसाद बोटीवर नोकरीला, वर्षातले नऊ महिने समुद्रात. शिमग्यापर्यंत दोन्ही घरांत येणंजाणं होतं. सुगंधाची दोन वर्षांची सलोनी तर अनुजाच्याच कडेवर वाढली. मग एकाएकी अनुजाने तोंड फिरवलं. पोरीला हाक मारणंसुद्धा सोडलं, आणि हा टीव्ही सुरू झाला. जाऊबाई मुद्दाम करतात, असं सुगंधाने ठरवून टाकलं. असल्या गोष्टी ठरवायला तिला कधीच वेळ लागत नसे.

"तू वयनीक सांग मा," ती निलेशला म्हणाली.

"तिच्या घरात ती टीव्ही लावता. मी खंयच्या तोंडान सांगू?" निलेशने कूस बदलली. त्याचे डोळे लालभडक झाले होते.

मग सुगंधाने पदर खोचला. आवाज शिरतो कुठून ते तरी बघू. खिडकीत तिने जुनी गोधडी कोंबली, दाराखालच्या फटीत लुगड्याची गुंडाळी सारली, वायरीच्या भोकात कणकेचा गोळा दाबला. टीव्हीवरच्या सासवा-सुना तरीही खोलीत येऊन भांडतच राहिल्या. तिने भिंतीला कान लावून पाहिला. हातभर जाडीची भिंत, तिच्यातून काही म्हणजे काही ऐकू येईना. वैशाखाच्या उकाड्यात निलेश त्या बंद खोलीत घामाने निथळत पडायचा, एवढाच फरक पडला.

वाट सापडली ती धुरामुळे. दिवेलागणीला मच्छरांसाठी तिने नारळाची सोडणं, ती वरची काथ्याची सालं, पेटवून खोलीत ठेवली. दारंखिडक्या बंद होत्या, तरी धूर खोलीत राहीना. तो सरळ वर गेला आणि माळ्याच्या फळ्यांच्या फटींतून नाहीसा झाला. सुगंधा बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी निलेश तळमळत पडलेला असताना ती पडवीतून शिडी लावून माळ्यावर चढली. गवंड्याने भिंत फळ्यांपर्यंतच आणली होती. वर माळा एक आणि कौलंही एक. पलीकडच्या फळ्यांमधून अनुजाच्या घरातला उजेड दिसत होता. टीव्ही तर गर्जतच होता. पण जाहिरात संपून क्षणभर शांतता झाली, तेव्हा सुगंधाला अनुजाच्या बांगड्या ऐकू आल्या. मग तिने टाकलेला उसासाही आला, अगदी शेजारी बसल्यासारखा.

एवढं स्पष्ट तिकडचं इकडे येतं, तर इकडचं तिकडे काय काय गेलं असेल? सुगंधाने फटीतून खाली निलेशच्या खाटेकडे पाहिलं.

शिमग्यात सलोनी तापाने फणफणली होती. त्याच खोलीत, त्याच खाटेवर बसून सुगंधा निलेशला म्हणाली होती, "वयनीची दिश्ट वायट. आपणाक पोर नाय, म्हणान माझ्या चेडवाक उराशी धरता. सलोनीचो ताप तिच्याच नजरेचो." अनुजाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. निलेश "बरां" म्हणाला होता आणि झोपला होता. टीव्ही त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागला होता.

शिडी उतरून ती तडक पलीकडे गेली. अनुजा कोकमासाठी रातांबे फोडत बसली होती, हात मनगटापर्यंत लाल.

"वयनी, टीव्ही..."

"मोठो आसता, ठावक आसा माका." अनुजाने वर पाहिलं नाही. "कसालच्या अपघाताची गजाल आयकलंय, तेव्हापासून बारीक करूक बघतंय. बारीक केलो काय तुझां बोलणां आयकूक येता. आता काय बोलतली म्हणान माझी छाती धडधडता."

सुगंधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माका माफ कर, वयनी. माझां चुकला."

"हय नको." अनुजा उठली आणि कोपराने दाबून तिने टीव्ही बंद केला. "ज्या खोलयेत बोललंस, थंयच बोल. भावजींच्या समोर. माका आयकूक येतला."

दुसऱ्या दिवशी निलेश पेज जेवून आडवा झाला. साडेनऊ वाजून गेले. पलीकडे भांडंसुद्धा वाजलं नाही.

"काय गो, आज टीव्ही नाय?" निलेश डोळे मिटूनच सुखाने म्हणाला.

त्याला झोपू द्यावं, उद्या बोलावं, असं सुगंधाला फार वाटलं. याच झोपेसाठी तर तिने जिवाचं रान केलं होतं. पण भिंतीपलीकडे अनुजा वाट बघत बसली आहे हे तिला ठाऊक होतं.

"सलोनीचो ताप वयनीच्या नजरेचो नव्हतो," ती माळ्याकडे बघून मोठ्याने म्हणाली. "शिमग्यात मी वायट बोललंय. वयनीन तां सगळां आयकलां."

निलेशने डोळे उघडले. त्याने फळ्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे. आपलं ते "बरां" कुठपर्यंत गेलं असेल हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. तो उठून बसला.

"वयनी," त्याने हाक मारली. 

पलीकडून ओ आली नाही. तीन वाजेपर्यंत घरात कसलाच आवाज झाला नाही, आणि निलेशच्या डोळ्याला डोळा लागला नाही.