सुईबाबाची बर्फाळ फुंकर

मे महिन्यातली दुपार. नागपूरजवळच्या हुडकेश्वरच्या शाळेमागचं मैदान. डोक्याला दुपट्टे गुंडाळून दीड-दोनशे माणसं त्या रणरणत्या उन्हात ताटकळत उभी होती. कशासाठी? तर माणसाच्या पायावर बर्फ पडताना बघायला!

१९८२ सालची ही गोष्ट. मांडवात तखतावर सुईबाबा बसले होते. अंगावर भगवी शाल, गालात तंबाखूची गोळी, मांडीशी लाल कापडात गुंडाळलेला कमंडलू. मागे चिनी अक्षरांचा फलक टांगला होता. ती अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे सगळ्यांचाच त्यांच्यावर विश्वास बसला होता.

"हमारे गुरू कैलास से पैदल चीन गये," बाबा गर्जत होते. "बादशहाच्या पहिलवानांचे तुटलेले पाय त्यांनी एका सुईनं जोडले. शरीरात नाड्या बहात्तर हजार! पहिले फूंक, बाद में सुई. फूंक में हिमालय, सुई में चीन!"

हिमालय आणि चीन दोन्ही एका तखतावर मावलेले पाहून लोक धन्य झाले.

एक कबड्डीपटू लंगडत पुढे आला. बाबांनी त्याचा घोटा, कमंडलू आणि स्वतःचं डोकं शालीखाली घेतलं. आतून "फूऽऽस्स" असा आवाज आला. शाल बाजूला झाली तेव्हा घोट्यावर पांढरंशुभ्र दव गोठलेलं होतं, आणि तेही नागपूरच्या उन्हाळ्यात! बाबांनी तिथे तीन सुया खुपसल्या. पोरगा हूं की चूं करेना.

"दर्द?"

"नाही जी, बाबा!"

"चल, दौड़!"

तो मैदानाला फेरी मारून आला. टाळ्या कडाडल्या, जयजयकार झाला. आमच्याच खो-खो मंडळाचा गोविंदा मागल्या आठवड्यात असाच धावला होता आणि तेव्हापासून खाटेवरून उठू शकत नव्हता. बाबांनी त्यावर "श्रद्धा कच्ची" असं निदान केलं होतं, आणि लोकांना तेही पटलं होतं.

मी त्या मंडळाचा चिटणीस. हे सगळं थोतांड आहे असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विदर्भाच्या संघाची निवड चाचणी होती, आणि आमची जयवंता त्यात खेळायला हवी होती. म्हणून मी तोंड शिवून बसलो. त्याची आजही लाज वाटते.

जयवंता एकोणीस वर्षांची. पाठलागात तिच्यासारखी पोरगी आमच्या मैदानावर दुसरी नव्हती. आदल्या आठवड्यात खांबाला वळताना तिचा गुडघा पिरगळला होता. हाडांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "आतला अस्थिबंध अर्धा फाटलाय. सहा आठवडे प्लास्टर. पळालीस तर उरलेलाही तुटेल, मग खेळ कायमचा विसर." पण संघात निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळण्याची आशा होती. आमचे प्रशिक्षक चंपतराव तिला रिक्षात घालून बाबांकडे घेऊन आले. सोबत तिची मावशी रंभाबाई आली होती. ही बाई एका मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या खोलीत बावीस वर्षं आया म्हणून राबून नुकतीच निवृत्त झाली होती.

रंभाबाई आल्यापासून नाक वर करून काहीतरी हुंगत होती.

"काहून जी चंपतराव," तिनं विचारलं, "या बाबाच्या दरबारात उदबत्ती कशी नाही? साधा दिवाबी नाही?"

"मावशी, हा सायंटिफिक बाबा आहे," चंपतराव कौतुकानं म्हणाले. "धूर नाही, धुपाटणं नाही. एकदम सुधारलेला!"

तेवढ्यात मांडवाच्या कडेला एका म्हाताऱ्यानं बिडी पेटवली. बाबांचा शिष्य धावत गेला. "विझव पयले! गुरूले धूर चालत नाही!"

रंभाबाई हसली. मला त्या हसण्याचा अर्थ कळला नाही.

जयवंताची पाळी आली. ती तखतासमोर पाय पसरून बसली. बाबांनी शाल उचलली, तोच रंभाबाईनं शालीचं टोक धरलं.

"थांबा महाराज. फुंकर मारा, पण उघड्यावर मारा."

"माई, गुरू की फूंक खुले में नहीं चलती."

"बरं, मंग फुंकर राहू द्या. नुसती सुई टोचा. सुईतच तर चीन आहे ना तुमचा?"

गर्दीला हे रास्त वाटलं. "हो हो, टोचा!" असा गलका झाला. बाबांचा नाइलाज झाला. सुई गुडघ्यात शिरताच जयवंता किंचाळली, "आई वं!"

"श्रद्धा कच्ची!" बाबा ओरडले.

"माही पक्की आहे," असं म्हणून रंभाबाईनं कमंडलूवरचं कापड ओढलं. आत बर्फाचे तुकडे होते आणि त्यात खोचलेली काचेची बाटली. तिच्या तोंडाला खटका होता. रंभाबाईनं चंपतरावांचा हात धरला आणि तळव्यावर खटका दाबला. "फूऽऽस्स!" तळवा पांढरा झाला. तिनं बाबांचीच एक सुई उचलून त्यात टोचली.

"दुखलं?"

"नाही," चंपतराव डोळे विस्फारून म्हणाले.

"घ्या, मीबी बाबा झाली! ही बाटली बावीस वर्षं मी डॉक्टरच्या हातात देली. गळू-करट कापाच्या आधी मारतात. हे औषध झपकन उडून जाते अन् जाताना कातडीची गरमी घेऊन जाते. कातडी गोठते, सुन्न होते, दोन-चार मिनिटं. इथाइल क्लोराइड म्हणतात त्याले. वास आल्याबरोबर मी ओळखलं. अन् बिडी-उदबत्ती काहून नको? हे आगीजवळ गेलं तर भडकते, म्हणून!"

बाबा तोवर बहात्तर हजार नाड्या आणि एक चप्पल तिथेच टाकून शिष्याच्या स्कूटरवरून पसार झाले होते.

लोक चिडले असतील असं तुम्हाला वाटेल. छे! एकानं पुढे येऊन विचारलं, "मावशी, ही बाटली कोठी भेटते?" आणि चंपतराव, आमचे आदरणीय प्रशिक्षक, तिच्या कानाशी लागले. "उद्या चाचणीच्या वेळी जरा मारता का? कोणाले सांगत नाही." त्या माणसाची मला किळस आली.

मग जयवंता बोलली. "मावशी, ढोंग समजलं मले. पण दुखणं तर थांबते ना? उद्या दर दोन मिनिटांनी मार. तेवढा वेळ निभला म्हणजे झालं. पुढच्या साली कोण विचारते मले?"

तिचे डोळे भरले होते. रंभाबाई तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"पोरी, दुखते म्हणून तू थांबतेस. उद्या दुखणार नाही, तू पळशील, अन् आत गुडघा फाटून राहिला तरी तुले कळणार नाही. या बाटलीनं काही जुळत नाही वं, फक्त दुखलेलं कळत नाही." तिनं बाटली पोरीच्या हातात ठेवली. "मी जबरदस्ती करत नाही. पाय तुहा आहे. विचार कर अन् ठरव."

 जयवंतानं ती उलटी धरून खटका दाबला. औषध तापलेल्या मातीवर पडलं आणि उडून गेलं. ओलसुद्धा राहिली नाही. बाटली रिकामी झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काकाजी, प्लास्टर कराले चला."

त्या वर्षी संघात दुसरी मुलगी गेली. जयवंता सहा आठवडे घरी बसली आणि रडलीही भरपूर. पण तिचा गुडघा तिच्यापाशी राहिला.

सुयांनी दुखणं कमी होतं की नाही, हे ती विद्या नीट शिकलेल्यांनी आणि तपासणाऱ्यांनी सांगावं. मला त्यातलं कळत नाही. पण फाटलेल्या पायाच्या माणसाला जो कुणी "आजच पळ" म्हणेल, मग तो बाबा असो की प्रशिक्षक, त्याला एकच विचारा: दुखणं थांबवलंत, पण जखम भरली का? हा प्रश्न त्या गर्दीतल्या कुणालाही विचारता आला असता. मी तर शिकलेला होतो, संशयही होता, तरी गप्प बसलो. तुम्ही बसू नका.