बंद दाराचे दहा दिवस

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे हे कुणीही सांगेल, पण मी कधीकाळी थंड होतो हे मात्र मलाच सांगावं लागतं. सध्या मी गोव्यातल्या लाटंबार्से गावात एका घराच्या मागच्या पडवीत उभा असतो. पोटात कोंबड्यांचा कोंडा, डोक्यावर खुद्द कोंबडी. असो. तक्रार करायचा माझा स्वभाव नाही, निदान मी तरी तसं म्हणतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो हो! दार उघडलं की आत दिवा पेटायचा. १९८६ साली खाणीवर नोकरीला असलेल्या एका गृहस्थांनी मला ट्रकातून इथं आणलं. त्यांच्या पत्नी प्रभावतीबाईंनी मला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि लगेच हुकूम सोडला: वरचा कप्पा देवाच्या दुधाचा, मासळी एकदम खाली. वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, दुसरा फ्रिज नव्हता, त्यामुळे मी एका घराचा कधी राहिलोच नाही. शेजारच्या शंभूला उराकात, म्हणजे काजूच्या दारूत, घालायला बर्फ हवा, पद्मावतीला बांगडे ठेवायचे, जयरामला पाहुण्यांसाठी सोड्याच्या बाटल्या गार करायच्या. येईल तो दार उघडायचा.

ही सगळी व्यवस्था बघायचे गोकुळदास मास्तर, म्हणजे प्रभावतीबाईंचे धाकटे दीर. शाळेतून निवृत्त झालेले. स्वतः अविवाहित, म्हणून दुसऱ्यांच्या संसारावर छातीठोक बोलायचे. त्यांचं तत्त्व एकच. ज्यानं जास्तीत जास्त माणसांना जास्तीत जास्त सुख होतं, तेच बरोबर. माझ्या पोटातली जागासुद्धा ते याच तत्त्वानं वाटून देत. मला ते फार पटायचं. एवढ्या लोकांच्या उपयोगी पडतो म्हणून मी मनातल्या मनात मिशीला पीळ देत असे.

पुढं गृहस्थ वारले. त्यांचा मुलगा कृष्णनाथ खनिजाचा ट्रक चालवू लागला. त्याच्या आणि देवकीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नाही. शेवटी २००३ च्या उन्हाळ्यात म्हापशाच्या एका डॉक्टरांनी उपाय सांगितला. मूल बाहेर काचेत घडवायचं आणि मग आईच्या पोटात ठेवायचं. त्याआधी देवकीनं दहा दिवस पोटात इंजेक्शनं घ्यायची. ती थंडच राहिली पाहिजेत. कृष्णनाथनं त्यांचा खोका बर्फाच्या पिशवीतून आणला आणि माझ्या वरच्या कप्प्यात ठेवला.

"ह्या कशाचा करतत?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

मास्तरांनी चष्मा लावून खोक्यातला कागद वाचला. गप्प बसले असते तर बिघडलं नसतं, पण खरं बोलायची खोड! म्हणाले, "पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढतात, वयनी."

"शिरा पडली! माज्या देवाच्या दुधाशेजारी म्हाताऱ्यांचो मूत?"

खोका थेट खाली, पद्मावतीच्या बांगड्यांच्या शेजारी गेला. मला फार ओशाळं वाटलं. देवकीनं खोक्याला प्लॅस्टिक गुंडाळलं.

पण खरी अडचण दाराची होती. दार सारखं उघडू नका, वीज गेली तर मुळीच नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि त्याच आठवड्यात देवळाचा वर्धापनदिन. घरोघरी पाहुणे, वर दुपारची वीज जाण्याची हमी. देवकीनं हळूच सांगितलं, "दहा दिवस दार दुसऱ्या कोणी उघडू नये." वाड्यावर हाहाकार उडाला. मास्तरांनी बैठक बोलावली, माझ्यासमोरच.

काजूचा हंगाम होता. मास्तरांनी बियांची टोपली मधे ठेवली. "थंडावा नसल्यानं ज्याला जितकं दुःख, त्यानं तितक्या बिया डावीकडं ठेवाव्या." शंभूनं बर्फासाठी पाच ठेवल्या, आणि काय ते दुःखी तोंड! पद्मावतीनं चार, जयरामनं तीन. बघता बघता तेवीस झाल्या. उजवीकडं, मूल होण्याच्या सुखाच्या, मास्तरांनी स्वतःच देवकी, कृष्णनाथ आणि प्रभावतीबाई यांच्या दहा-दहा ठेवल्या. तीस. मी सुटकेचा श्वास सोडला.

"थांबा," मास्तर म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, शंभरात पंचवीस वेळाच साधतं. तेव्हा तिसाचे झाले साडेसात." सात बिया ठेवून ते आदोळीवर, म्हणजे विळीवर, आठवी बी अर्धी कापायला बसले.

मग जयरामला कंठ फुटला. "अनाथाश्रमातलं मूल आणलं तर? ते जन्मलेलंच आहे. त्याचं सुख नक्की."

"पूर्ण दहा!" मास्तर खूश झाले.

देवकी चहा घेऊन आली होती. तिला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "आश्रमातलं मूल मी कधीही आनंदानं आणीन. पण शंभूभाऊंच्या बर्फासाठी नाय."

सगळे चहाच्या कपात बघू लागले. पद्मावतीनं वेगळंच काढलं. "काचेत म्हणे तीन-चार करतात आणि एखाद-दुसरंच पोटात ठेवतात. उरलेल्यांच्या बिया कुठल्या ढिगात घालायच्या, मास्तर?"

मास्तर विचारात पडले. विचारात पडले की ओठ चोळायची त्यांना सवय. आणि बोटांना लागलेलं होतं कच्च्या काजूच्या बीचं तेल! काजूच्या गावात जन्म काढलेला माणूस, पण हिशेबाच्या नादात विसरला. घटकाभरात ओठ भाजून पापडासारखा फुगला. "बर्फ! बर्फ!" करत ते माझ्याकडं धावले.

प्रभावतीबाई त्यांच्या आधी माझ्यापाशी पोचल्या. मला वाटलं, आता देवकीचं काही खरं नाही, ही दिराला बर्फ काढून देणार.

"भावजी, तुमच्या ओठाक किती बियो घालू?" माझ्या दाराला पाठ लावून त्यांनी विचारलं. "माज्या सुनेचे अडीच आणि शंभूच्या बर्फाचे पाच! नव वर्षां लोकांचा ऐकता ती. ता कोणी मोजलां?"

प्रभावतीबाईंनीच मास्तरांच्या ओठाला खोबरेल लावलं. मग दार एकदाच उघडलं, देवाचं दूध बाहेर काढलं आणि खालचा खोका पदरानं पुसून वरच्या कप्प्यात ठेवला. "म्हाताऱ्यो म्हणजे माज्यासारख्योच ना? त्यांनी दिलां, आमी घेवया," म्हणाल्या. मला तर भरूनच आलं.

दहा दिवस त्या माझ्यासमोर पाट टाकून बसल्या. वर्धापनदिनाला पाहुणे मडक्यातलं पाणी प्यायले आणि कुणी मेलं नाही. शंभूनं उराक कोमट घेतली, प्रत्येक घोटाला एरंडेल घेतल्यासारखं तोंड केलं. वीज गेली की प्रभावतीबाई मला गोधडी गुंडाळायच्या. फ्रिजला गोधडी! पण आतला गारवा टिकला बरं का.

दोन वर्षांनी दुसऱ्या खेपेला मुलगी झाली, हे वाड्यावर कुणीही तुम्हाला रंगवून सांगेल. मी पहिल्या खेपेचं सांगतो. पहिली खेप फुकट गेली.

म्हापशाहून देवकी भर दुपारी आली. तिनं माझं दार उघडलं, रिकाम्या वरच्या कप्प्यात डोकं घातलं आणि रडायला लागली. दार सताड उघडं. शंभू बर्फाचा डबा घेऊन आला, त्यानं पाहिलं आणि चपला हातात घेऊन परत गेला. मास्तर आले. ते खाली पायरीवर जाऊन बसले. मग प्रभावतीबाई आल्या. सुनेच्या शेजारी उभ्या राहून त्यांनीही आपलं पांढरं डोकं आत घातलं. किती वेळ तरी दोघी तशाच होत्या. सगळा गारवा बाहेर चालला होता. जन्मात कधी दिला नव्हता एवढा गारवा मी त्या दुपारी दिला, अंगातली मोटर थरथरेपर्यंत दिला.

म्हणून मित्रांनो, माझ्या भावंडांची निगा राखा. रबर पुसत जा, दार लावून घेत जा. पण कुणी दार उघडं टाकून रडत असेल, तर विजेचं नाव काढू नका. शेजारी जाऊन उभे राहा.