कोंडूची साक्ष

टेमघरच्या ख्रिस्ती मंडळीचा रविवार शुक्रवारी यायचा. उपासनेची खोली कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यावर होती आणि लूम बंद असायचे ते फक्त शुक्रवारी. बाकीचे सहा दिवस देवाशीसुद्धा ओरडूनच बोलावं लागलं असतं. बाप्तिस्मा मात्र अकलोलीला, गरम पाण्याच्या कुंडात. ब्याण्णवच्या जानेवारीत कोंडूचा तिथं बाप्तिस्मा झाला. पाप किती धुतलं गेलं ते देव जाणे, गुडघे मात्र मोकळे झाले, असं तो स्वतःच सांगत सुटला.

त्याची धाकटी बहीण द्रौपदी मंडळीत सहा वर्षं आधीची. खालच्याच कारखान्यात ती कांड्यांवर सूत भरायची. दहा वर्षांपूर्वी अंबाडीचं एक चांगलं स्थळ तिला पसंत करून गेलं होतं. चार दिवसांनी कोंडू एकटाच अंबाडीला गेला आणि "पोरीला फिट येते" असं सांगून आला. घरात पगार आणणारी ती एकटी, आणि कोंडूला कामाची फारशी सवय नव्हती. स्थळ मोडलं. पुढं जिथं जिथं तिची पत्रिका जाई, तिथं फिट आधीच पोचलेली असे.

चांगदेव पाळक तिला दर महिन्याला समजावत.

"द्रौपदीबाई, माफ करा भावाला. माफीला अट नसते."

"अट कुठं घातलीय? एकदा चारचौघांत खरं बोल, एवढंच म्हणते. कशाची माफी देतेय ते लोकांना कळायला नको?"

"प्रभूला कळतं ना."

"प्रभूला अंबाडीत स्थळं बघायची न्हायीत."

बाप्तिस्म्यानंतरच्या शुक्रवारी कोंडू साक्ष देणार होता. आपण आधी कसे होतो आणि प्रभूने काय केलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. आता तरी त्याला खरं बोलावं लागणार, म्हणून द्रौपदी नवी साडी नेसून आली.

कोंडूने दारू सांगितली, पत्ते सांगितले, शेजाऱ्याचा बोकड सांगितला. मग त्याने खिशातून रुमाल काढला.

"आणि माझी बहीण..."

द्रौपदीने पदर घट्ट धरला.

"माझ्या बहिणीला फिट यायची. तोंडाला फेस! अख्ख्या अंबाडीला ठाऊक हाय. आज बघा, सहा वर्षांत एक फिट न्हाय. प्रभूनं बरी केली!"

"हालेलूया!" खोली दणाणली.

द्रौपदी उठली. "मला जन्मात कधी फिट आली न्हाय."

मग पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या ठकुबाईला हुंदका फुटला. "बघा गं! पोरीची आठवणसुद्धा काढून टाकली देवानं!"

हालेलूया दुप्पट झाला.

"हा खोटं बोलला होता! माझं लगीन मोडायला!" द्रौपदी ओरडली.

"बसवा तिला," कोंडू मायेने म्हणाला. "ताण सोसत न्हाय."

कुणीतरी धावत जाऊन दारातली चप्पल आणली आणि तिच्या नाकाशी धरली. ती बसली. चप्पल कुणाची होती कोण जाणे, पण नवी नव्हती.

उपासना संपल्यावर पाळक जवळ आले. "आता तरी माफ करा."

"त्यानं मागितली कुठं?"

"मागितल्यावर कुणीही देतं, बाई."

ते खरं होतं. म्हणूनच तिला चपलेपेक्षा जास्त झोंबलं.

तेवढ्यात मागच्या चाळीतली मंदा सात वर्षांच्या पोरीला पुढं ढकलत आली. "ताई, आठवड्यातून दोनदा फिट येते हिला. तुम्ही बऱ्या झालात, हात ठेवा हिच्यावर."

"डॉक्टरकडं ने. रोजच्या गोळ्या असतात, एक चुकवू नको. आणि नातेवाइकांना तोंड उघडू देऊ नको."

"नेते. पण हात ठेवा."

पोरीच्या कपाळावर पडल्याची खोक होती, अजून ओली. हिची बातमी पसरायला खोटारडा भाऊही लागणार नव्हता. द्रौपदीने हात ठेवला. प्रार्थना सुचेना.

"हिला तरी..." एवढंच तिच्या तोंडून आलं.

मागून सगळ्यात मोठा आमेन आला तो कोंडूचा. द्रौपदीची बोटं आवळली, पण तिने हात काढला नाही. पोर दचकली असती.