मागचं दार उघडं आहे

शहरातल्या सगळ्या वाचनालयांना नवी यंत्रं मिळणार, हे कळलं तेव्हा बाईंना आधी आनंद झाला आणि मागोमाग धास्ती वाटली. आनंद का, ते सांगायला नको. बाई ज्या शाखेच्या ग्रंथपाल होत्या ती सगळ्यात लहान आणि सगळ्यात टोकाची. मुख्य ग्रंथालयाने टाकलेल्या खुर्च्या, टाकलेला कॉम्प्युटर, इतकंच काय, भिंतीवरचं घड्याळसुद्धा तिकडूनच उतरून आलेलं, असा तिथला संसार. इंटरनेट असं, की पान उघडायला सांगावं आणि तोवर आख्खं वर्तमानपत्र वाचून यावं. आता तिथे वेगवान नेट येणार होतं, कॅमेरे येणार होते, मोठा पडदा आणि स्पीकर येणार होते. शिवाय दारात दोन पांढरे खांब उभे राहणार होते. नोंद न केलेलं पुस्तक त्यांच्यामधून बाहेर निघालं की पीं वाजणार. शाखेचं नशीब फळफळलं म्हणायचं.

धास्ती होती ती मागच्या दाराची.

ज्याने ही इमारत बांधली त्याला पुस्तकांपेक्षा पायऱ्यांची हौस जास्त असावी. पुढच्या दाराला अशा उंच पायऱ्या, की वर पोचेपर्यंत माणसाची वाचायची इच्छा निम्मी व्हावी. मागच्या बाजूला मात्र गल्लीतून एक सोपा उतार थेट आत येत होता. पुस्तकांच्या पेट्या ढकलगाडीवरून आणायला तो केलेला. नियम असा, की मागचं दार पेट्यांसाठी आणि पुढचं माणसांसाठी. पण एकदा एक तरुण आई तान्ह्या बाळाची गाडी घेऊन पायऱ्यांखाली उभी राहिली, वर बघितलं आणि मुकाट्याने परत फिरली. बाईंनी ते खिडकीतून पाहिलं. त्यांनी धावत जाऊन मागचं दार उघडलं, तिला हाक मारली, आणि ते दार पुन्हा लावलंच नाही.

एकीने पाहिलं, दुसरीला सांगितलं, असं करता करता सगळी वस्ती मागून येऊ लागली. काठी टेकत बाईंच्या सासूबाई आल्या. चार पायांचा वॉकर सरकवत घड्याळवाले आजोबा आले. त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आता मुलगा बघत होता आणि आजोबा वर्तमानपत्रं बघत होते. पुढच्या दाराला उरले फक्त पोस्टमन आणि वाट चुकलेले लोक. इतर बाबतीत बाई नियमाच्या इतक्या पक्क्या, की पुस्तक उशिरा आलं तर सासूबाईंनाही दंड लावायच्या. हा एकच नियम त्यांनी मोडला होता, आणि तो उघडकीला येईल या भीतीने त्यांचा जीव अधूनमधून खालीवर व्हायचा.

म्हणून नेटवर्क आणि सुरक्षेचं काम करणाऱ्या इंजिनियरचा फोन आला तेव्हा जे झालं ते झालं. माणूस तरुण होता आणि भराभरा बोलत होता.

"मॅडम, काम सुरू करण्याआधी सिक्युरिटीचं थोडं विचारायचं होतं. तुमच्याकडे कुणी मागचं दार वगैरे उघडं ठेवलेलं नाही ना?"

बाईंच्या हातातला पेन तिथेच थांबला. "का हो?"

"बऱ्याच शाखांत सापडलं. सापडलं की आम्ही तिथल्या तिथे कायमचं बंद करून टाकतो."

आता या मंडळींच्या भाषेत मागचं दार म्हणजे कॉम्प्युटरमधली चोरवाट. यंत्रणा बसवणाऱ्याने आपल्या सोयीसाठी ठेवलेली आणि मग कुणालाही गुपचूप आत येऊ देणारी. पण हे बाईंना कुणी सांगावं? त्यांच्या डोळ्यांपुढे आला उतार, वॉकर आणि बाळाची गाडी.

"छे, छे. आमच्याकडे एकच दार. पुढचं," बाई म्हणाल्या.

मॅडम थट्टेखोर दिसतात, असं वाटून इंजिनियर हसला आणि त्याने फोन ठेवला.

काम चालू असताना वाचनालय वाचकांना बंद होतं. बाईंनी मासिकांचं मोठं फडताळ ओढून मागच्या दारापुढे लावलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. इंजिनियर कामाचा चोख होता. छतामागून तारा अशा नेल्या की शोधून दिसू नयेत, प्रत्येक तारेला नावाची पट्टी, पडदा भिंतीवर काटेकोर सरळ. वाचकांच्या तोंडावर कॅमेरा नको, असं बाईंनी बजावलं, तेव्हा त्याने तेही ऐकलं आणि कॅमेरा पुढच्या दाराकडे वळवला. पांढरे खांब अर्थातच पुढच्या दारात बसले. हे खांब येणारी माणसं मोजतात आणि तो आकडा रोज मुख्य कार्यालयात जातो, हेही त्याने सांगितलं होतं. पण तेव्हा बाईंचं सगळं लक्ष फडताळाखालून दिसणाऱ्या उंबरठ्याकडे होतं.

वाचनालय पुन्हा उघडलं, फडताळ जागेवर गेलं, आणि लोक नेहमीप्रमाणे मागून आत आले. बुधवारी दुपारी तिथे वाचनाचा कार्यक्रम असायचा. कुणीतरी एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आता वाचणाऱ्यापुढे माईक होता, मजकूर पडद्यावर मोठ्या अक्षरांत सरकत होता, आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी खुर्च्यांना हेडफोन लावलेले होते. पहिल्या बुधवारी सासूबाईंनी हेडफोन घातला, आवाजाचं बटण फिरवलं आणि तासभर जागच्या हलल्या नाहीत.

घरी जाताना म्हणाल्या, "खरं सांगू का तुला? इतके दिवस मी नुसती तुमची तोंडं बघून मान हलवत होते."

बाईंना त्या रात्री जेवण गोड लागलं. हे आपल्या वाचनालयात झालं, त्या गल्लीच्या टोकाच्या वाचनालयात, याचा त्यांना इतका अभिमान वाटला की त्यांनी तो लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. ज्याला त्याला सांगत सुटल्या. वर आणखी एक सांगायच्या, की पांढरे खांब एकदाही वाजले नाहीत, आमचे वाचक असे प्रामाणिक आहेत. खांबांमधून कुणी जात-येतच नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग मुख्य ग्रंथालयाच्या संचालकांचा, म्हणजे साहेबांचा फोन आला.

"तुमच्या दारातल्या गेटच्या मोजणीप्रमाणे शाखेत जवळपास कुणीच येत नाही," साहेब थंडपणे म्हणाले. "आणि तुमच्या कॉम्प्युटरवर मात्र रोज ढीगभर पुस्तकं दिल्याची नोंद आहे. माणसं नाहीत, तर पुस्तकं नेतं कोण?"

बाई काही सांगणार, तोच साहेब पुढे बोलू लागले.

"शाखा चालू राहावी म्हणून खोट्या नोंदी करणारे लोक मी पाहिलेत. ही यंत्रं गर्दीच्या ठिकाणी हलवावीत आणि ही शाखा बंद करावी, असं माझं मत होत चाललंय. बुधवारी येतो. खुलासा तयार ठेवा."

फोन ठेवल्यावर बाई कितीतरी वेळ पुढच्या दारातल्या त्या खांबांकडे बघत बसल्या. सगळं लख्ख कळलं. चोरी पकडायला आणलेल्या खांबांनी त्यांनाच चोर ठरवलं होतं. शाखा जाणार, आणि जाता जाता बाईंचं नावही घेऊन जाणार. दार लपवलं नसतं तर असं झालं नसतं, हेही खरंच होतं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

घरी त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाईंनी निवांत ऐकून घेतलं.

"त्यात काय मोठंसं? उद्यापासून आम्ही सगळे पुढून येतो. मोजू देत काय मोजायचंय ते."

"आई, तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांचं मी बघते. तू दार लाव मागचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्यांवर हीऽ गर्दी. सासूबाईंनी गल्लीभर निरोप फिरवला होता. दोघी मैत्रिणी बाळाची गाडी दोन्हीकडून उचलून वर आणत होत्या. सासूबाई एक पाऊल टाकायच्या, काठी टेकायच्या, दम खायच्या. एकेक जण वर पोचला की मिस्कील हसत खांबांमधून आत यायचा. बाईंचं ऊर भरून आलं. एका वाचनालयासाठी माणसं इतकं करतात, हे बघायला भाग्य लागतं.

मग त्यांना घड्याळवाले आजोबा दिसले. वॉकर दुसऱ्या कुणीतरी वर नेला होता आणि आजोबा मधल्याच पायरीवर बसले होते. चेहरा पांढराफटक. बाई खाली गेल्या.

"बसतो जरा," आजोबा म्हणाले. "माझी मोजणी उरकली की निघतो घरी. आज काही वाचून होणार नाही बहुतेक."

बाईंच्या मनात एकदम चर्र झालं. खोटं बोललो आपण आणि शिक्षा यांच्या पायांना. त्यांनी आजोबांना हात धरून खाली उतरवलं, गल्लीतून वळसा घालून मागच्या दाराशी आणलं, कुलूप काढलं आणि दार सताड उघडलं. आजोबांच्या हाती वर्तमानपत्र दिलं, मोठ्यांदा सगळ्यांना सांगितलं, "आत्तापासून पुन्हा इकडून यायचं," आणि टेबलाशी जाऊन इंजिनियरला फोन लावला.

"मी तुमच्याशी खोटं बोलले. आमच्याकडे मागचं दार आहे."

"काय सांगता, मॅडम? उघडं आहे?"

"उघडं आहे."

"कधीपासून?"

"वर्षानुवर्षं."

"अरे देवा." त्याचा आवाज चिरकला. "त्यातून कोण कोण आत आलंय, काही कल्पना?"

"सगळी वस्ती," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "माझ्या सासूबाईसुद्धा."

"मॅडम, कशाला हात लावू नका. सगळं बंद करा. मी निघालोच."

तो लॅपटॉप छातीशी धरून घामाघूम येऊन पोचला. बाईंनी त्याला मागच्या दाराशी नेलं आणि हाताने दाखवलं. त्याने दाराकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं, उतारावरून येणाऱ्या बाळाच्या गाडीकडे पाहिलं. मग त्याच उतारावर बसून तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. कारण कळल्यावर बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आलं, ते वेगळं.

"खांब इकडे आणता येतील," तो शेवटी म्हणाला. "अर्ध्या दिवसाचं काम. पण साहेबांच्या परवानगीशिवाय मला एक स्क्रूही काढता येत नाही."

बुधवारी साहेबांची गाडी पुढच्या दाराशी थांबली. साहेब पहिल्या पायरीवर पाय ठेवणार, तोच बाई पुढे झाल्या. आदल्या रात्री त्यांनी खुलाशाची बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही त्यांनी वापरलं नाही.

"साहेब, इकडून नका जाऊ. मी तुम्हाला मागच्या दाराने नेते."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. पण ते गल्लीतून बाईंच्या मागोमाग चालू लागले. इंजिनियर होताच बरोबर. उतारावर सगळ्यांना थांबावं लागलं, कारण पुढे घड्याळवाले आजोबा वॉकर सरकवत चालले होते, आणि त्यांना घाई करायची पद्धत तिथे नव्हती. आत एकही खुर्ची रिकामी नव्हती. मागे उभ्याने ऐकणारे होते. पडद्यावर अक्षरं सरकत होती, आणि ती तरुण आई माईकपुढे बसून वाचत होती.

साहेब दारातच थांबले. मग हळू आवाजात विचारलं, "हे दार पेट्यांसाठी आहे. कुणाच्या परवानगीने उघडलं?"

"माझ्या," बाई म्हणाल्या. "नोंदी सगळ्या खऱ्या आहेत, साहेब. दार मात्र मी लपवलं. चूक माझी आहे, जी काय शिक्षा असेल ती मला द्या. पण या माणसांना तुमच्या गेटपर्यंत चढवणार नाही. चढवून बघितलं. गेटलाच यांच्यापर्यंत यावं लागेल."

साहेबांनी इंजिनियरकडे पाहिलं. इंजिनियरने एवढंच म्हटलं, "अर्धा दिवस, सर."

"उद्या सकाळी करून टाका," साहेब म्हणाले. मग बाईंकडे वळून, "शाखा राहील. यंत्रंही राहतील. दार लपवल्याचा ठपका मात्र मला लेखी ठेवावा लागेल."

"ठेवा," बाई म्हणाल्या. तो ठपका त्यांनी पुढे टेबलाच्या काचेखाली लावला, पण ते नंतरचं.

कारण तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या सासूबाईंचं लक्ष दाराकडे गेलं. सूनबाई मान ताठ करून उभी, समोर कुणीतरी साहेब. त्यांना वाटलं, आता शाखा गेली. कानांवर हेडफोन होता, त्यामुळे आपण किती जोरात बोलतोय याचा त्यांना पत्ताच नव्हता. काठी टेकून त्या उठल्या. वाचणारी वाचायची थांबली.

"अहो साहेब," सासूबाईंचा आवाज फडताळांवरून घुमला, "ते दार माझ्या सुनेनं उघडलंय. हिच्यामुळे मी या वयात वाचायला येते, हिच्यामुळे मला ऐकायला येतं. घरी मी हिला कधी चांगलं म्हटलं नाही, ते इथे म्हणते. लावायचं असेल ना दार, तर आधी मला बाहेर काढा, मग लावा."

वाचनालयात कुणी आवाज चढवला आणि बाईंनी त्याला गप्प केलं नाही, असं उभ्या नोकरीत घडलं नव्हतं. साहेबांनीही सवयीने त्यांच्याकडे बघितलं, की आता या सांगतील. बाईंनी दोन्ही हात पदरात घेतले आणि सासूबाईंना पोटभर बोलू दिलं.